मेटामॉर्फोसिसच्या शेपटीविषयी

रूपांतर या अर्थाचा युरोपातला सर्वांत नामांकित शब्द स्वतः मात्र रूपांतर करून घ्यायला तयार नसतो, हा प्रस्तुत प्रबंधाचा सिद्धान्त आहे. या सिद्धान्ताचा कोणालाही काडीचा उपयोग नाही, हे आम्ही आरंभीच मान्य करतो. म्हणजे तोच आक्षेप पुढे कोणी आपला म्हणून मिरवायला नको. शिवाय निरुपयोगी गोष्टींवर जेवढी शिस्तबद्ध मेहनत घेता येते तेवढी उपयोगी गोष्टींवर घेता येत नाही, कारण उपयोगी गोष्टींना मुदत असते.

शब्द आहे मेटामॉर्फोसिस. ग्रीक. ‘मेटा’ हा उपसर्ग इथे बदल दाखवतो आणि ‘मॉर्फे’ म्हणजे आकार, रूप. या मॉर्फेचे मूळ कोणालाच नीट सापडलेले नाही. लॅटिनमधला ‘फोर्मा’ हा त्याचाच भाऊ असावा, मधली अक्षरे इकडची तिकडे झाली असावीत, असा एक अंदाज आहे. म-र-फ उलटे वाचले की फ-र-म. भाषाशास्त्रज्ञ या अंदाजाकडे साशंकतेने पाहतात. आम्हांला तो फार आवडतो, कारण तो खरा ठरला तर तहसील कचेरीत खिडकीबाहेर उभे राहून आपण जो फॉर्म भरतो तो थेट ग्रीक देवदेवतांच्या नात्यातला निघेल. तीन प्रतींत भरूनही अर्जदाराच्या स्थितीत काही बदल होत नाही, याचे कारणही मग उघड आहे: त्यात ‘मेटा’ नाही.

शब्द गाजवला ओव्हिडने. हा रोमन कवी इसवी सनपूर्व ४३ मध्ये जन्मला आणि इसवी सन ८ च्या सुमारास त्याने ‘मेटामॉर्फोसीस’ हे काव्य हातावेगळे केले. पंधरा खंड, बारा हजारांच्या आसपास ओळी, सुमारे अडीचशे कथा. माणसांची झाडे होतात, कोणाकोणाचे झरे होतात, एका विणकरणीचा कोळी होतो, एका बाईचे अस्वल होते आणि पुढे त्या अस्वलाचे नक्षत्र होते. एवढा पसारा मांडला, पण शीर्षकातला शब्द त्याने काव्यात कुठे वापरला म्हणाल तर कुठेच नाही. आरंभीच तो बदललेल्या रूपांविषयी सांगायला निघतो, पण ते स्वच्छ लॅटिनमध्ये. पुढे हद्दपारीत लिहिलेल्या कवितांत आपल्या या पंधरा खंडांचा उल्लेख करतानाही तो ‘बदललेली रूपे’ अशा अर्थाचे लॅटिन शब्दच घालतो. म्हणजे पाटी ग्रीक आणि दुकानातला माल सगळा लॅटिन. आपल्याकडेही पाटीची भाषा आणि आतली भाषा यांचे फारसे बोलणे नसते, तेव्हा या प्रकाराचे आपल्याला नवल वाटायचे कारण नाही.

ओव्हिडच्या आधी निकँडर नावाच्या ग्रीक कवीने याच विषयावर लिहिले होते. त्याच्या ग्रंथाच्या नावाचा अर्थ ‘वेगळ्या झालेल्या गोष्टी’ असा होतो, आणि त्यासाठी त्याने शब्दही वेगळा घेतला होता. तो शब्द ग्रंथाबरोबर बुडाला. ओव्हिडचा तरला. काव्य पुरे होत आले त्याच सुमाराला सम्राट ऑगस्टसने ओव्हिडला काळ्या समुद्राच्या काठी तोमिस या गावी पाठवून दिले. आजच्या रुमानियातले कॉन्स्टान्त्सा ते हेच. आपला गुन्हा एक कविता आणि एक चूक, असे तो स्वतः म्हणतो. कविता कोणती ते कळते, चूक कोणती ते दोन हजार वर्षांत कळलेले नाही. तो रोमला परत आला नाही.

शब्दाची टर उडवायला फार वेळ लागला नाही. इसवी सन ५४ मध्ये सम्राट क्लॉडियस वारला, आणि रोमच्या रिवाजाप्रमाणे त्याला देव म्हणून जाहीर करण्यात आले. त्यावर सेनेकाने एक उपहासिका लिहिली. तिचे नाव ‘अपोकोलोकिन्टोसिस’, म्हणजे देवीकरणाच्या चालीवर भोपळीकरण. त्यात देवांच्या सभेतला एक वक्ता म्हणतो की क्लॉडियसला देवपण देण्याचा हा ठराव ओव्हिडच्या मेटामॉर्फोसीसला पुरवणी म्हणून जोडावा. गंमत अशी की उपलब्ध संहितेत क्लॉडियसचा भोपळा कुठेच होत नाही. शतकानुशतके विद्वान तो भोपळा शोधत आहेत. कोणी म्हणतात संहितेचा तेवढा भाग गहाळ झाला, कोणी म्हणतात शीर्षक हाच विनोद. मराठी वाचकाला ही अडचण पडू नये. भ्रमाचा भोपळा म्हणतात तो दिसावा लागत नाही, फुटावा लागतो.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे शेपटीकडे वळू.

फ्रेंच म्हणतो मेतामॉर्फोझ. जर्मनही तेच म्हणतो, फक्त शेवटी अर्धा श्वास अधिक सोडतो. इटालियन मेतामोर्फोझी, स्पॅनिश मेतामोर्फोसिस, स्वीडिश मेतामोर्फोस, फिनिश मेतामोर्फोसी, पोलिश आणि चेक मेतामोर्फोझा. हंगेरियन लिहितो ‘सिस’च्या जवळचे पण वाचतो मेतामोर्फोझिश, कारण त्या भाषेत साधा स हा श असतो. अटलांटिकपासून उरल पर्वतापर्यंत, लॅटिनच्या लेकी, स्लाव्ह भाषा, आणि ज्यांचा या दोघींशी काही संबंध नाही अशा फिनिश-हंगेरियन, सगळ्यांनी मिळून या शब्दाचे जे काही केले ते शेवटच्या अक्षरात केले. ‘मेतामोर्फो’पर्यंत कोणी हात लावला नाही. एकाच मांडवात वावरणाऱ्या चुलतभावांसारखी स्थिती आहे: नाके सारखी, फेटे तेवढे ज्याचे त्याचे. माणसाचे डुक्कर आणि डुकराचे पुन्हा माणूस इतक्या सहज करणाऱ्या विषयाच्या नावाने एवढी कर्मठ वागणूक ठेवावी, हे आम्हांला उद्बोधक वाटते.

त्याहून उद्बोधक प्रकार अनेकवचनात आहे. स्पॅनिशमध्ये एक रूपांतर म्हणजे ‘ला मेतामोर्फोसिस’ आणि पुष्कळ रूपांतरे म्हणजे ‘लास मेतामोर्फोसिस’. इटालियनमध्ये ‘ला मेतामोर्फोझी’ आणि ‘ले मेतामोर्फोझी’. रूपांतरे कितीही होवोत, शब्द ढिम्म हलत नाही. हलते ते पुढचे उपपद. इंग्रजीत ‘सिस’चे ‘सीस’ होते खरे, पण इंग्रजांनी त्याचाही धाक मानला नाही. आर्थर गोल्डिंगने १५६७ मध्ये ओव्हिडचे पंधराही खंड इंग्रजीत आणले आणि वर नाव घातले एकवचनी. शेक्सपिअरने वाचलेले भाषांतर हेच. जॉर्ज सँडिसने १६२६ मध्ये पुन्हा सगळे भाषांतर केले आणि पुन्हा एकवचनच ठेवले. अडीचशे रूपांतरांना एकच पावती. त्याआधी चॉसरने तर आपल्या एका पात्राच्या तोंडी ‘मेथामॉर्फोसिऑस’ असा उच्चार घातला आहे. त्या पात्राला ग्रीक येत नव्हते की चॉसरला, यावर वाद घालता येईल, घालू नये.

लिंगाचा प्रश्न जास्त गंभीर आहे. ग्रीकमध्ये हा शब्द स्त्रीलिंगी. लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी. फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन, रुमानियन, जर्मन, पोलिश, चेक, सगळीकडे स्त्रीलिंगी. फिनिश आणि हंगेरियनमध्ये लिंगच नाही, त्यामुळे त्यांचा प्रश्न मिटला. आता ज्या काव्याने हा शब्द घरोघरी पोहोचवला त्या काव्यात काय चालते ते पाहा. तिसऱ्या खंडात टायरेसियस पुरुषाचा स्त्री होतो, सात वर्षे तसा राहतो आणि आठव्या वर्षी पुन्हा पुरुष होतो. नवव्या खंडात मुलगा म्हणून वाढवलेली इफिस लग्नाच्या आदल्या दिवशी खरोखरच मुलगा होते. बाराव्या खंडात कायनिस नावाची स्त्री कायनियस नावाचा योद्धा होते. कथांत एवढी ये-जा चालू असताना शब्द आपला दोन हजार वर्षे स्त्रीलिंगात पदर सावरून बसलेला.

अपवाद एकच, आणि तो कीटकांमुळे घडला. रशियन भाषेत साधारण अर्थाने बोलायचे तर ‘मेतामार्फोझा’, स्त्रीलिंगी. पण जीवशास्त्राच्या पुस्तकात सुरवंटाचे फुलपाखरू होऊ लागले की शब्द होतो ‘मेतामार्फोझ’, पुल्लिंगी. शेवटचा आकार गळून पडतो, आणि कोश फोडून पुरुष बाहेर येतो. ओव्हिडला जे देवांकडून करवून घ्यावे लागले ते रशियन कीटकशास्त्रज्ञांनी एक स्वर कापून साधले.

आघाताची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती ऐकण्याची आहे, वाचण्याची नाही. प्राचीन ग्रीकमध्ये आघात ‘मॉर’वर. लॅटिनचा नियम निराळा: शेवटून दुसरे अक्षर दीर्घ असले की आघात तिथेच पडायचा, त्यामुळे रोमन माणूस ‘फो’वर जोर देणार. माद्रिद, लिस्बन, बर्लिन आणि मॉस्को इथे आजही हाच रोमन ‘फो’ ऐकू येतो. प्राग, बुडापेस्ट आणि हेलसिंकीत जोर ‘मे’वर, कारण तिथे प्रत्येक शब्दाचा जोर पहिल्या अक्षरावरच असतो. इंग्रजी कोश ‘मॉर’ आणि ‘फो’ दोन्ही नोंदवून मोकळे होतात. आणि खुद्द रोममध्ये? आजच्या प्रमाण इटालियनमध्ये जोर ‘मॉर’वर आहे, ग्रीकांसारखा. रोमन आघात मॉस्कोत सापडतो आणि रोममध्ये सापडत नाही. याला आमच्याकडे स्पष्टीकरण नाही आणि आम्हांला ते नकोही आहे. स्पष्टीकरण मिळाले की असल्या माहितीची चव जाते.

माहेरी काय झाले, हे पाहू. माहेरच्या माणसांनी शेवटचा स टाकून दिला. आजची ग्रीक भाषा म्हणते ‘मेतामोर्फोसी’. जुन्या वळणाची सरकारी ग्रीक स जपून होती. १९७६ मध्ये लोकभाषेला शिक्षणात आणि कारभारात अधिकृत जागा मिळाली आणि स मागे पडला. आता तो स ऐकायचा असेल तर शब्दाला षष्ठी लावावी लागते. म्हणजे मूळ ग्रीक स प्रथमेत टिकवून धरण्याचे काम सध्या इंग्रजी आणि स्पॅनिश करत आहेत.

ग्रीसमध्ये हा शब्द मुख्यतः चर्चचा आहे. मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना घेऊन डोंगरावर जातो आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्याचे रूप पालटते, तिथे क्रियापद हेच आहे. लूक तोच प्रसंग सांगताना हे क्रियापद टाळतो आणि चेहरा वेगळा दिसू लागला एवढेच म्हणतो. मूर्तिपूजकांच्या बैल-हंस-कोळी कथांची आठवण त्याला नको होती, असे काही पंडित मानतात. सावधपणा लूकपुरता थांबला नाही. जेरोमने लॅटिन बायबलात ‘फिगुरा’पासून बनलेले क्रियापद घातले, त्यातून इंग्रजांचे ट्रान्सफिगरेशन आले. लूथरने जर्मनमध्ये उजळण्याच्या अर्थाचा शब्द घातला. स्लाव्ह लोकांनी प्रेओब्राझेनिये म्हटले. ग्रीक शब्द घरोघर वापरणाऱ्या युरोपाने देवाच्या प्रसंगी मात्र तो दाराबाहेर ठेवला. आमच्या सिद्धान्ताला हे पोषक आहे: बदल खरोखरीचा असला की हा शब्द नको असतो. मराठी बायबलात इथे ‘रूपांतर’ येते आणि वाचकाला त्यात काही खटकत नाही.

ग्रीसमध्ये ६ ऑगस्टला या प्रसंगाचा सण असतो आणि चर्चमध्ये द्राक्षांना आशीर्वाद दिला जातो. रशियात जुन्या पंचांगामुळे तो १९ ऑगस्टला येतो आणि द्राक्षांची सफरचंदे होतात. अथेन्सच्या उत्तरेला मेतामोर्फोसी नावाचे उपनगर आहे, त्याला रेल्वेस्थानकही आहे. तिथले लोक सकाळी मेतामोर्फोसीहून निघतात, कामावर जातात आणि संध्याकाळी जसेच्या तसे मेतामोर्फोसीला परत येतात.

शब्दाचा सर्वांत व्यवहारी उपयोग मात्र इंग्लंडमध्ये झाला. सर जॉन हॅरिंग्टन हा राणी पहिल्या एलिझाबेथचा धर्मपुत्र. त्याने १५९६ मध्ये एक पुस्तक काढले, ‘शिळ्या विषयावर नवे प्रवचन, अर्थात एजॅक्सचे मेटामॉर्फोसिस’. एजॅक्स हा ट्रॉयच्या युद्धातला ग्रीक वीर. ओव्हिडच्या तेराव्या खंडात तो स्वतःच्या तलवारीने जीव देतो आणि त्याच्या रक्तातून एक फूल उगवते. पण त्या काळच्या इंग्रजीत ‘अ जेक्स’ म्हणजे शेतखाना, आणि हॅरिंग्टनने पुस्तकात मांडलेला शोध होता पाण्याच्या टाकीचा आणि झडपेचा संडास. ट्रॉयचा वीर, ओव्हिडची प्रतिष्ठा आणि घरातली दुर्गंधी, तिन्ही एका शीर्षकात बसवणे हे सोपे काम नव्हे. दरबाराला पुस्तकातले टोमणे रुचले नाहीत आणि लेखकाला काही काळ दूर राहावे लागले. ओव्हिडप्रमाणे कायमचे नव्हे. संडासाचा शोध लावणाऱ्याला निदान परत बोलावतात. या शब्दाने मानवजातीचे काही भले केले असेल तर ते या एका प्रसंगी, असे आमचे मत आहे.

आता पुन्हा कीटक. मारिया सिबिला मेरियन १६४७ मध्ये फ्रांकफुर्टला जन्मली. अळ्या चिखलातून आपोआप निपजतात असे पुष्कळांना वाटत होते त्या काळात ती अळ्या पाळून, अंडे-अळी-कोश-पाखरू हा सगळा क्रम डोळ्यांनी पाहून, ज्या झाडाचा पाला ती अळी खाते त्याच झाडावर तिला रंगवत असे. १६७९ मध्ये तिचे जर्मन पुस्तक निघाले, सुरवंटांच्या अद्भुत रूपांतराविषयी. त्यात रूपांतरासाठी शब्द होता ‘फेरवांडेलुंग’. १६९९ मध्ये ती धाकट्या मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेत सुरिनामला गेली, आजारी पडून १७०१ मध्ये परतली, आणि १७०५ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये साठ चित्रफलकांचा मोठा ग्रंथ काढला. त्याचे लॅटिन नाव मेटामॉर्फोसिसने सुरू होते आणि खाली तेच नाव डचमध्ये साध्या ‘बदल’ या अर्थाच्या शब्दात. बाई तीच, विषय तोच. घरच्या वाचकाला देशी शब्द आणि देशोदेशीच्या विद्वानांना ग्रीक, ही वाटणी तिने चोख केली. पुढे जर्मनीने तिचे चित्र ५०० मार्कांच्या नोटेवर छापले. २००२ मध्ये युरो आला आणि त्या नोटेचेही फेरवांडेलुंग झाले.

मेरियनच्या त्या पहिल्या जर्मन पुस्तकानंतर २३६ वर्षांनी, १९१५ मध्ये, जर्मनमध्ये कीटकाची आणखी एक गोष्ट याच शब्दाच्या नावाने निघाली. फ्रान्झ काफ्काची ‘डी फेरवांडलुंग’. जर्मनमध्ये मेटामॉर्फोझ हा शब्द होता. गटेने १७९० मध्ये वनस्पतींच्या मेटामॉर्फोझवर निबंध लिहून त्याला चांगली प्रतिष्ठाही दिली होती. काफ्काने तो घेतला नाही. ग्रेगोर साम्सा हा फिरता विक्रेता, त्याला पहाटेची गाडी गाठायची असते. असल्या माणसावर ग्रीक शब्द घालणे म्हणजे मेसच्या डब्यावर चांदीचे झाकण घालण्यासारखेच झाले असते. परंतु इंग्रजांनी झाकण घातले. फ्रेंचांनी घातले, इटालियनांनी, पोर्तुगीजांनी घातले. स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे यांनी जर्मनचाच सख्खा शब्द ठेवला. डचांनी आकारबदल म्हटले, फिनिशांनीही तेच आपल्या भाषेत म्हटले, चेक, पोलिश, रशियन, हंगेरियन या सगळ्यांनी घरचे शब्द काढले. आइसलँडने कळस केला: तिथे पुस्तकाचे नाव ‘हामस्किप्तिन’, ज्याचा रोख कात टाकण्याकडे, कातडे बदलण्याकडे आहे. नकाशावर रेघ मारावी तर उत्तर आणि पूर्व एका बाजूला, दक्षिण आणि पश्चिम दुसऱ्या.

स्पॅनिशमधली हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. तिथे १९२५ मध्ये ही कथा ‘ला मेतामोर्फोसिस’ म्हणून निनावी भाषांतरात आली. १९३८ मध्ये ब्वेनोस आयरेसमध्ये पुस्तक निघाले त्यावर भाषांतरकार म्हणून नाव होते होर्हे लुईस बोर्हेसचे. बोर्हेसने पुढे सांगितले की ते भाषांतर माझे नव्हे. मी केले असते तर नाव ‘ला त्रान्सफोर्मासिओन’ ठेवले असते. बोर्हेसच्या नावावर खपलेल्या त्या पुस्तकाने पिढ्यान्पिढ्या वाचकांच्या तोंडी नेमके तेच शीर्षक बसवले जे बोर्हेसला नको होते. पुढे स्पेनमध्ये काफ्काचे समग्र वाङ्मय निघाले तेव्हा शीर्षक बदलून बोर्हेसच्या मनासारखे झाले. लोक अजून मेतामोर्फोसिसच म्हणतात.

इथे एक शास्त्रीय शंका उपस्थित होते. साम्साचे नेमके काय झाले? सर्वसाधारण वाचक म्हणतो, झुरळ. काफ्काने सांगितलेले नाही. उलट, मुखपृष्ठावर कीटक काढला जाणार अशी शंका येताच त्याने प्रकाशकाला पत्र लिहून बजावले की कीटक काढू नका, दुरूनसुद्धा दाखवू नका. मुखपृष्ठावर अखेर अर्धवट उघड्या दारापुढे तोंड झाकून उभा असलेला माणूस आला. नाबोकोव्ह हा कादंबरीकार, पण फुलपाखरांचा खरा अभ्यासक. त्याने आपल्या व्याख्यानात झुरळाचा पक्ष खोडून काढला: झुरळ चपटे असते, साम्सा पाठीपोटाशी फुगीर आहे, तेव्हा तो भुंगेरा. आणि भुंगेऱ्याला कवचाखाली पंख असतात, हे बिचाऱ्या ग्रेगोरला शेवटपर्यंत कळलेच नाही. आम्ही नाबोकोव्हच्या बाजूचे आहोत, परंतु आमचे कारण निराळे आहे. झुरळाचे रूपांतर अपूर्ण असते. त्याचे पिल्लू लहानपणापासून झुरळासारखेच दिसते, कात टाकत टाकत मोठे होते, कोश करत नाही. भुंगेऱ्याचे रूपांतर पूर्ण. साम्सा झुरळ असता तर शीर्षकाला ‘अपूर्ण’ हे विशेषण जोडावे लागले असते. आणि पुस्तकांत फिरणाऱ्या चंदेरी कसरीला तर कीटकशास्त्रात रूपांतरच नाही. ती जन्मते कसर आणि मरते कसर. आमच्या ओव्हिडच्या प्रतीतील सहावा खंड तिने खाल्ला आहे. तिच्यावर काही परिणाम झालेला दिसला नाही.

मराठीशी या शब्दाची गाठ सरळ पडली नाही. पोर्तुगीजांनी आपल्याला पाव दिला, बटाटा, चावी, पगार दिला. ‘मेतामोर्फोज’ दिले नाही. गोव्यात त्यांचा भर रूपांतरापेक्षा धर्मांतरावर होता. ओव्हिड मात्र आडवाटेने आला. त्याच्या दहाव्या खंडात पिग्मेलियन नावाचा शिल्पकार हस्तिदंताची स्त्री घडवतो, तिच्यावर भाळतो आणि देवीच्या कृपेने ती जिवंत होते. बर्नार्ड शॉने त्यातून फुलवालीला उमरावी इंग्रजी शिकवणारा उच्चारशास्त्राचा प्राध्यापक काढला. इंग्रजी उच्चारांवरच्या त्या नाटकाचा पहिला प्रयोग १९१३ मध्ये व्हिएन्नाला झाला, जर्मन भाषेत. लंडनला ते पुढच्या वर्षी पोहोचले. पु. ल. देशपांडे यांनी त्याची ‘ती फुलराणी’ केली, एलायझाची मंजुळा झाली, भक्ती बर्वे यांनी ती गाजवली. हस्तिदंताची बाहुली, कॉक्नी फुलवाली, मराठी मंजुळा. अशा नाटकाच्या श्रेयनामावलीत आपण जो शब्द छापतो तो ‘रूपांतर’. ओव्हिडच्या कथेला मराठीत इतकी नेमकी पावती मिळाली आणि ती देताना कोणाच्या मनात ओव्हिड नव्हता.

आणि आमचे रूपांतर नपुंसकलिंगी आहे. ‘ते’ रूपांतर. युरोपात दोन हजार वर्षे रशियन कीटकांखेरीज कोणालाही जो लिंगबदल जमला नाही तो मराठीने व्याकरणाच्या पुस्तकातच उरकून ठेवला होता.

सिद्धान्ताची मांडणी इथे संपायला हवी होती; पण गेल्या तीस-चाळीस वर्षांत शब्दाने आम्हांला तोंडघशी पाडले. सिनेमातल्या संगणकी करामतींसाठी इंग्रजांनी ‘मॉर्फ’ एवढाच तुकडा ठेवला. १९९१ मध्ये मायकेल जॅक्सनच्या ‘ब्लॅक ऑर व्हाइट’च्या चित्रफितीत एकाचा चेहरा विरघळून दुसऱ्याचा होताना जगाने पाहिला, तेच मॉर्फिंग. ज्या शब्दाची दोन हजार वर्षे फक्त शेपटी हलत होती त्याचे डोकेही गेले, शेपटीही गेली, मधले धड उरले. डोके २८ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक कंपनीने घेतले आणि स्वतःचे नाव मेटा ठेवले. हिशेब केला तर बदल दाखवणारा भाग कंपनीकडे गेला आणि ज्याचा अर्थ नुसता ‘रूप’ त्याच्यावर बदलाची सगळी जबाबदारी आली.

धडाची भावंडे आधीपासूनच कामाला लागलेली होती. ओव्हिडच्या अकराव्या खंडात स्वप्नात माणसांची रूपे घेऊन येणारा मॉर्फियस आहे, आणि त्याच्या नावावरून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेर्ट्युर्नर या जर्मन औषधविक्रेत्याने अफूतून काढलेल्या द्रव्याचे नाव ठेवले. तेच आजचे मॉर्फिन. अफू हाही मुळात ग्रीकच, ओपियॉनचा अरबी-फारसीतून आलेला मराठी अवतार. आमच्या मते मेटामॉर्फोसिस या शब्दाला जे जमले नाही ते ओपियॉनने करून दाखवले: ओळखू येणार नाही इतका बदलला आणि थेट खसखशीच्या शेजारी जाऊन बसला.

मॉर्फ मात्र मराठीत आला तो छापील मथळ्यांतून: ‘फोटो मॉर्फ करून धमकी’, ‘मॉर्फ केलेला व्हिडिओ व्हायरल’. आता तो फिर्यादीत असतो, सायबर पोलीस ठाण्यात असतो, आणि त्याला ‘करणे’ लागते. असा अश्लील फोटो इंटरनेटवर पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६७ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड.